लेनी रोब्रेडो : उपराष्ट्राध्यक्षपद ते गावचं महापौरपद

रानजाई

१२ मे २०२५ ला फिलिपिन्समध्ये मध्यावधी निवडणुका झाल्या. आपल्याकडे त्यातली एकच बातमी पोचली. माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत असूनही दवाओचे महापौर म्हणून निवडून आले. बातमी होतीच तशी चटकदार. पण त्याच दिवशी लुझोन बेटाच्या दक्षिणेकडे, बिकोल भागातल्या नागा शहरात लेनी रोब्रेडो प्रचंड बहुमताने महापौर झाली. त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. २०१६ ते २०२२ दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा हीच उपराष्ट्राध्यक्ष होती. देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्ती एकाच दिवशी आपापल्या गावच्या महापौर झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

लेनीची ओळख साधारण दोन प्रकारे करून दिली जाते. नवऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर राजकारणात आलेली विधवा, किंवा हुकूमशहा मार्कोसच्या मुलाकडून सपाटून हरलेली उमेदवार. दोन्ही खरं आहे. पण तिचं राजकारण नेमकं काय होतं, कुठून आलं, हे त्यातून कळत नाही. माझं म्हणणं असं की ही बाई मुळात नगरपालिकेच्या शाळेत शिकलेली राजकारणी आहे, आणि पुढे जे जमलं, जे फसलं, ते सगळं त्याच शाळेतलं.

जन्म १९६५, नागातलाच. वडील न्यायाधीश. मनिलाजवळच्या फिलिपिन्स विद्यापीठातून १९८६ साली अर्थशास्त्राची पदवी, म्हणजे जनआंदोलनाने मार्कोस कुटुंबाला देशाबाहेर घालवलं त्याच वर्षी. मग परत गावी येऊन बिकोल नदी खोरे विकास प्रकल्पात नोकरी. तिथेच जेसी रोब्रेडो भेटला, लग्न झालं. १९८८ मध्ये जेसी वयाच्या २९ व्या वर्षी नागाचा महापौर झाला.

जेसीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याशिवाय लेनी कळणार नाही. त्याने शहर हातात घेतलं तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्याने बसस्थानक बाजारपेठेतून बाहेर हलवलं, बेकायदा जुगार मोडून काढला, वशिल्याने भरती बंद केली. नगरपालिकेत कोणतं काम कुठल्या टेबलावर होतं, किती वेळ लागतो, फी किती आणि जबाबदार माणूस कोण, हे छापून लोकांच्या हातात दिलं. १९९५ मध्ये रीतसर नगरपालिकेचा स्थानिक कायदा करून बिगरसरकारी संघटनांची 'जनपरिषद' स्थापन केली. तिचे प्रतिनिधी नगरपालिकेच्या समित्यांत बसतात आणि मतही देतात. वादळानंतर हा माणूस स्वतः फावडं घेऊन रस्त्यावरचा चिखल काढायचा. पायात साधी रबरी चप्पल. ती चप्पल पुढे त्याच्या कारभाराची खूणच झाली. २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा तो पहिला फिलिपिनो महापौर.

या काळात लेनी काय करत होती? संसार सांभाळत (मुली तीन) कायद्याची पदवी घेतली, १९९७ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि आधी सरकारी मोफत वकील कार्यालयात, मग 'सालिगन' या संस्थेत काम केलं. शेतकरी, मासेमार, खेड्यांतल्या बायका, यांना त्यांचे कायदेशीर हक्क शिकवायचे आणि लागेल तिथे खटला लढवायचा, असं ते काम. महापौराची बायको म्हणून फिती कापण्यापेक्षा हे बरंच वेगळं आहे.

२०१० मध्ये बेनिग्नो आकिनो (धाकटे) यांनी जेसीला गृह आणि स्थानिक स्वराज्य खात्याचा मंत्री केलं. १८ ऑगस्ट २०१२ ला सेबूहून घरी नागाला येताना त्याचं छोटं विमान मस्बाते बेटाजवळ समुद्रात कोसळलं. पुढच्याच वर्षी लेनी खासदार झाली.

खासदार म्हणून तिने मांडलेली विधेयकं बघा. सरकारी खात्यांनी जमाखर्च आणि कंत्राटं लोकांसमोर आपणहून ठेवावीत. स्थानिक कारभारात नागरिक संघटनांना जागा असावी. कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या करसवलतींचा हिशोब जाहीर व्हावा. यातल्या शेवटच्या विषयावरचा कायदा २०१५ मध्ये झालाही. म्हणजे नागाच्या नगरपालिकेतलं आख्खं कपाट तिने राष्ट्रीय संसदेत नेऊन उघडलं.

उपराष्ट्राध्यक्षपदाची सहा वर्षं आणि २०२२ ची निवडणूक यावर खाली लिहीनच. आधी इतरांची मतं वाचायला आवडतील.

---

बारीकसारीक

छान ओळख. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मॅगसेसेचं वाचून आपली आमटे मंडळी आठवली. पुरस्कार ऐकून माहीत, पण तो ज्या देशातून येतो तिथलं राजकारण शून्य माहीत होतं.

---

शंकेखोर

माहिती चांगली, निष्कर्ष घाईचा. नवरा लोकप्रिय, नवरा अकाली गेला, बायको उभी राहिली, सहानुभूतीची लाट आली. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन आकिनोंपासून हाच नमुना आहे, आणि दक्षिण आशियाला त्यात काही नवल वाटायचं कारण नाही. घराणेशाहीला तुम्ही 'नगरपालिकेची शाळा' म्हणालात म्हणून ती घराणेशाही राहत नाही असं नव्हे.

---

रानजाई

शंकेखोर, सहानुभूती होतीच, नाकारत नाही. पण २०१३ ची ती लढत कुणाशी होती ते पाहा. कामारिनेस सुर प्रांतात विलाफुएर्ते घराण्याचं राज्य. लुईस विलाफुएर्ते हे जेसीचे मामा-काकांपैकी नातेवाईक. १९८८ मध्ये त्यांनीच जेसीला पुढे आणलं, मग दोघांचं बिनसलं. लेनीसमोर उभ्या होत्या त्यांच्या पत्नी नेली. लेनीने त्यांना मोठ्या फरकाने हरवलं.

आणि त्याच निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी हे लुईस आजोबा स्वतःच्या सख्ख्या नातवाविरुद्ध उभे होते. नातू विशीतला. नातू जिंकला! आपल्याकडे काका-पुतण्यावर गाडी थांबते, तिथे आजोबा-नातू.

घराणी इतकी का माजली, त्याचं एक कारण घटनेतच आहे. १९८७ च्या घटनेने महापौर, गव्हर्नर, खासदार यांना सलग तीनच मुदती दिल्या. हेतू चांगला. झालं असं की तीन मुदती संपल्या की बायको, मग मुलगा, मग परत स्वतः. घराणेशाहीला बंदी घालावी असंही त्याच घटनेत लिहिलंय, पण त्यासाठी कायदा संसदेने करायचा आहे, आणि संसदेत बसलेत घराण्यांतलेच लोक. जेसीने मुदती संपल्यावर बायकोला खुर्चीवर बसवलं नाही, एवढी नोंद करून ठेवते. लेनी त्या खुर्चीवर आली ती तो जाऊन जवळजवळ तेरा वर्षं झाल्यावर, उपराष्ट्राध्यक्षपद भोगून.

---

मानखुर्दकर

एक धागा जोडतो. २००० सालच्या मॅगसेसे मानकऱ्यांत जेसी रोब्रेडोबरोबर कोण होतं माहितीय? आमचे जोकिन अर्पुथम! जनता कॉलनी, चीता कॅम्प, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना, तेच जोकिन. तिसऱ्या त्याच वर्षीच्या अरुणा रॉय, माहितीच्या अधिकारवाल्या.

नागात जेसीने शहरी गरिबांसाठी 'कांताबाय' नावाची योजना चालवली होती. झोपडी उठवायची नाही, नगरपालिकेने मध्ये पडून जमीनमालक आणि रहिवासी यांचा सौदा करून द्यायचा, पैसे हप्त्याने फेडायचे. जोकिन आणि 'महिला मिलन'च्या बायका ज्या पद्धतीने बचतगट करून घरांसाठी बोलणी करायच्या, त्याला हे फार जवळचं. मुंबईच्या वस्त्यांतल्या बायका आणि मनिलाच्या पायातास कचराडेपोवरच्या बायका एकमेकींकडे जाऊन बचतीचे हिशोब शिकत होत्या, हा इतिहास आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

लेनीताईंनी २०१६ मध्ये गृहनिर्माण खातं सांभाळलं होतं ना? तिथे काही करता आलं का?

---

रानजाई

मानखुर्दकर, हे फार मोलाचं लिहिलंत. त्या यादीतला योग मला सुचला नव्हता.

गृहनिर्माणाचं असं झालं. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडले जातात, त्यामुळे दोघे वेगळ्या पक्षांचे असू शकतात. २०१६ ला तसंच झालं. शपथविधीसुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी. उपराष्ट्राध्यक्षाला घटनेने जवळजवळ काहीच काम दिलेलं नाही, राष्ट्राध्यक्ष गेला तर त्याची जागा घ्यायची एवढंच. मंत्रिपद मिळालं तर मिळालं. दुतेर्तेंनी जुलैमध्ये तिला गृहनिर्माण समन्वय परिषद दिली. ती हुकूमशहा मार्कोसच्या पार्थिवाचं राष्ट्रवीरांच्या दफनभूमीत दफन करण्याविरुद्ध बोलली, अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांविरुद्ध बोलली. डिसेंबरमध्ये तिला मोबाइलवर संदेश आला की यापुढे मंत्रिमंडळाच्या बैठकांना येऊ नका. खातं आपलं, पण बैठकीला यायचं नाही! तिने राजीनामा दिला. पाच महिन्यांत घरबांधणीत काय होणार?

राजीनाम्याआधीच तिने स्वतःच्या कार्यालयातून 'आंगत बुहाय' सुरू केलं होतं. म्हणजे सरकारी पैसा नाही, तर उद्योग आणि संस्था यांची दूरदूरच्या गरीब गावांशी गाठ घालून द्यायची. कोविडमध्ये याच कार्यालयाने डॉक्टर-परिचारिकांसाठी मोफत बस चालवल्या, त्यांना लागणारे संरक्षक पोशाख जमवले, फोनवर डॉक्टरचा सल्ला देणारी सेवा उभी केली. सगळं किरकोळ निधीत, आणि लेखापरीक्षण आयोगाचा शेरा स्वच्छ. तिच्यानंतर दुतेर्तेंची मुलगी सारा उपराष्ट्राध्यक्ष झाली. त्या कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस साडेबारा कोटी पेसोंचा गोपनीय निधी ११ दिवसांत संपवला, हे त्याच आयोगाने सांगितलं. तुलना वाचकांनी करावी.

---

दवाओकर

मी काही वर्षं दवाओला डॉक्टरकी शिकायला होतो (महाराष्ट्रातली पोरं तिथे भरपूर आहेत, मेसमध्ये पोहेसुद्धा मिळतात). त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. दुतेर्तेंचा भक्त नाही, हे आधीच सांगतो.

दवाओमध्ये नवीन वर्षाला फटाके नाहीत, बंदी आहे आणि ती पाळली जाते. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट नाही. शहरात गाड्यांना वेगमर्यादा, आणि टॅक्सीवाला सुटे पैसे मोजून परत देतो. आम्ही परदेशी पोरं रात्री अपरात्री चालत घरी जायचो. आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, हे सगळं 'मेयर'मुळे. राष्ट्राध्यक्ष झाला तरी त्यांच्या तोंडी तो मेयरच. मोटारसायकलवरून येऊन गोळ्या घालून जाणाऱ्यांबद्दल विचारलं की विषय बदलायच्या. माहीत सगळ्यांना होतं.

रानजाई, तुम्ही म्हणता लेनी नगरपालिकेच्या शाळेत शिकली. अहो, दुतेर्तेही त्याच शाळेतला! दोघं एकाच साली, १९८८ ला... म्हणजे जेसी आणि दुतेर्ते, पहिल्यांदा महापौर झाले. एका शहराने नियम छापून भिंतीवर लावले, दुसऱ्या शहराने भीती बसवली. देशाने २०१६ ला दुसरा नमुना उचलला. मिंदानावमध्ये (दवाओ ज्या दक्षिणेकडच्या बेटावर आहे तिथे) लेनीला मतं का मिळाली नाहीत याचं उत्तर मला यात दिसतं. तिकडच्या माणसाला ती मनिलाची वाटायची, म्हणजे मनिलाच्या शिकलेल्या लोकांची. बिकोल मनिलापासून बसने रात्रभराच्या अंतरावर आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

---

रानजाई

१९८८ चा हा योग भारी आहे. धागा लिहायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

दुतेर्तेंच्या मोहिमेशी तिचा आमनेसामने संबंध २०१९ मध्ये आला. ती टीका करते म्हणून 'मग तूच चालवून दाखव' या थाटात तिला अमली पदार्थविरोधी समितीची सहअध्यक्ष नेमलं. सगळ्यांनी सांगितलं, हा सापळा आहे, घेऊ नकोस. तिने घेतलं. आकडे मागायला लागली, ज्यांच्यावर संशय आहे अशांची यादी मागायला लागली. १८ दिवसांत हकालपट्टी. जानेवारी २०२० मध्ये तिने अहवाल जाहीर केला: देशात येणाऱ्या शाबूपैकी (मेथ हा अमली पदार्थ) एक टक्कासुद्धा माल पकडला गेलेला नाही. म्हणजे इतकी माणसं मारून (सरकारी आकडाच सहा हजारांवर आहे) धंद्याला ओरखडाही नाही. मला तिच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात धाडसाचं काम वाटतं. भाषण करून नाही, सरकारचेच कागद वाचून केलेलं.

---

चौकसबुद्धी

२०१६ ला ती अगदी थोडक्यात जिंकली होती ना? फेरमोजणीचा काहीतरी घोळ वाचल्याचं आठवतं. आपल्याकडे मतदान यंत्रांवर इतकं चाललंय म्हणून विचारतो.

---

आकडेमोडे

आलो. आकडे म्हटल्यावर येणारच.

२०१६, उपराष्ट्राध्यक्षपद: लेनी १,४४,१८,८१७. बाँगबाँग मार्कोस (हुकूमशहाचा मुलगा) १,४१,५५,३४४. फरक २,६३,४७३.

तिथे कागदी मतपत्रिका असते, उमेदवाराच्या नावापुढचा लंबगोल शाईने भरायचा आणि ती यंत्रात सरकवायची. यंत्र वाचतं, कागद पेटीत राहतो. म्हणून फेरमोजणी शक्य झाली. मार्कोस सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद कशावर? लंबगोल किती भरला तर मत धरायचं, पाव की अर्धा, यावर महिनोन्महिने! शिवाय मोजणीच्या रात्री यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने सर्व्हरवर एक बदल केला होता. नावांतल्या 'ñ' या स्पॅनिश अक्षराच्या (उच्चार 'ञ'सारखा) जागी प्रश्नचिन्ह दिसत होतं, ते त्याने दुरुस्त केलं. निकालावर परिणाम नाही, पण परवानगी न घेता हात लावला. तेवढ्यावरून पुढची सहा वर्षं 'मतं चोरली'ची कथा चालली.

मार्कोसनीच निवडलेल्या तीन प्रांतांत फेरमोजणी झाली. लेनीची आघाडी कमी होण्याऐवजी सुमारे पंधरा हजारांनी वाढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने एकमताने अर्ज फेटाळला. सहा वर्षांच्या मुदतीतली पावणेपाच वर्षं तिने हा खटला लढण्यात घालवली.

आता खरी गंमत.

२०२२, राष्ट्राध्यक्षपद: मार्कोस ३,१६,२९,७८३. लेनी १,५०,३५,७७३.

'सपाटून हरली', बरोबर. पण २०१६ ला ती जिंकली तेव्हाच्यापेक्षा २०२२ ला हरताना तिला सहा लाखांहून जास्त मतं पडलीत. आणि दुतेर्ते २०१६ ला राष्ट्राध्यक्ष झाले ते १,६६,०१,९९७ मतांवर, ३९ टक्के. तिथे दुसरी फेरी नसते, सगळ्यांत पुढचा तो जिंकला. सहा वर्षांपूर्वीसारखी मतविभागणी असती तर लेनीची दीड कोटी मतं स्पर्धेत राहिली असती. तिची मतं घटली नाहीत, समोरचे सगळे एका छत्रीखाली आले. मार्कोसचा उत्तरेचा गड आणि दुतेर्तेंचा दक्षिणेचा गड, साराला उपराष्ट्राध्यक्षपद देऊन जोडला. ५० टक्क्यांवर मतं घेऊन आलेला १९८६ नंतरचा हा पहिलाच राष्ट्राध्यक्ष.

---

शंकेखोर

आकडेमोडे, उत्तम. म्हणजे तिची १५ दशलक्षांची भिंत होती आणि ती सहा वर्षांत एक वीतही पुढे सरकली नाही. मी हेच म्हणतोय.

---

खलाशी

रत्नागिरीकर, मर्चंट नेव्ही. माझ्या बहुतेक जहाजांवर निम्मा क्रू फिलिपिनो असतो, त्यामुळे २०२२ ची निवडणूक मी मेसरूममध्ये पाहिली असं म्हणायला हरकत नाही.

बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) इलोकोसचा, म्हणजे मार्कोसच्या गावाकडचा. कूक बिकोलचा. दोघांची गट्टी, पण एप्रिल-मेमध्ये जेवणाच्या टेबलावर बोलणं बंद. कूकने एक दिवस मुद्दाम लुगाव केलं. लुगाव म्हणजे आमच्या पेजेची आलं घातलेली बहीण. विरोधक लेनीला 'लुगाव' म्हणून हिणवायचे, कारण २०१६ च्या प्रचारात तिच्या लोकांनी निधीसाठी लुगाव विकलं होतं. मग तिच्या समर्थकांनी तेच उचललं, गावोगाव फुकट लुगाव वाटायला लागले. बोसनने दोन वाट्या खाल्ल्या आणि मत मार्कोसलाच दिलं. परदेशी असलेल्या फिलिपिनोंची मतं बहुसंख्येने मार्कोसलाच गेली.

त्याला मी विचारलं, तुझा जन्म मार्शल लॉच्या (थोरल्या मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या राजवटीच्या) नंतरचा, तुला काय माहीत तेव्हा काय होतं? तो म्हणाला, व्हिडिओ आहेत ना. मोबाइल काढून दाखवायला लागला. रस्ते, पूल, हॉस्पिटलं, सगळं मार्कोसच्या काळातलं, सुवर्णयुग. मागे छान संगीत. तुरुंगात घातलेल्या, छळलेल्या हजारो माणसांचा त्यात पत्ता नाही. मी वाद घातला नाही. आमच्याही गावच्या ग्रुपवर काय कमी येतं?

कूकचं मात्र सांगतो. तो म्हणायचा, मी लेनीला बसच्या थांब्यावर पाहिलंय. खासदार असताना ती मनिला-नागा रात्रीच्या बसने एकटी जायची, त्याचा फोटोही खूप फिरला होता. खरंच पाहिलं होतं का देव जाणे, बिकोलचा प्रत्येक माणूस हेच सांगतो.

---

वायरमन

खलाशी यांनी मोबाइलचा विषय काढला म्हणून. फिलिपिन्समध्ये बरीच वर्षं मोबाइल कंपन्या फेसबुक फुकट देत आल्या. डेटा पॅक संपला तरी फेसबुक चालू. पण त्यावरच्या बातमीच्या दुव्यावर टिचकी मारली तर पैसे. म्हणजे मथळा आणि मीम फुकट, मूळ बातमी विकत. आपल्याकडे हीच योजना आली होती, फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळे दर लावायला मनाई करून ती रोखली. नंतर आपल्याकडे जिओने डेटाच स्वस्त केला आणि अफवा तशाही आल्याच, ते सोडा.

तिथल्या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थांनी २०२२ च्या प्रचारात काय सापडलं ते मांडलं होतं. खोट्या मजकुरात लेनीबद्दलचा बहुतांश तिची बदनामी करणारा, मार्कोसबद्दलचा बहुतांश त्याचा गौरव करणारा. लेनी गरोदर आहे ही अफवा तर २०१६ पासूनची. मुलींनाही सोडलं नाही.

---

शंकेखोर

वायरमन, खोटं पसरलं हे मान्य. पण सगळा पराभव फेसबुकच्या डोक्यावर मारणं मला सोयीचं वाटतं. समोरच्याला मूर्ख समजायला बरं पडतं. तिच्या समर्थकांत ही खोड होतीच, 'बोबोतांते' हा शब्द मीही वाचलाय, मूर्ख मतदार. ज्याला मत मागायचं त्याला आधी मूर्ख म्हणायचं, हा कुठला प्रचार?

---

रानजाई

शंकेखोर, याबाबतीत तुमच्याशी वाद नाही. ती स्वतः तसं कधी बोलली नाही, समर्थकांना उलट समजावत राहिली, पण उशीर झाला होता.

२०२२ चा प्रचार दोन भागांत पाहावा लागतो. ७ ऑक्टोबर २०२१ ला तिने उमेदवारी जाहीर केली. लिबरल पक्षाची अध्यक्ष असून अपक्ष म्हणून, कारण पक्षाचा पिवळा रंग आकिनो काळाशी जोडलेला आणि त्या काळावर लोकांचा राग. गुलाबी रंग समर्थकांनी आधीच लावायला सुरुवात केली होती, तो तिने उचलला. मग जे झालं ते फिलिपिन्सने पूर्वी पाहिलं नव्हतं. पैसे देऊन माणसं आणायची सवय असलेल्या देशात लोक स्वतःच्या खर्चाने यायला लागले. पोरं हाताने रंगवलेले फलक आणायची, डॉक्टर रांगेत उभे राहून मोफत तपासायचे, सभा संपल्यावर कचरा उचलून जायचे. २३ एप्रिलला तिच्या वाढदिवशी पासाय शहरात लाखोंची सभा झाली.

पण सभेला येतात ते आधीच पटलेले. घरोघरी जाणं सुरू झालं ते शेवटच्या काही महिन्यांत. आणि समोरचा उमेदवार निवडणूक आयोगाच्या वादचर्चांना आलाच नाही. ही प्रत्येक चर्चेला तयारी करून हजर, तो गैरहजर, आणि त्याचं काही बिघडलं नाही. ईस्टरच्या दिवशी तर कहरच झाला. तिच्या मागे असलेल्या काही पुरुष उमेदवारांनी मनिलाच्या हॉटेलात पत्रकार परिषद घेतली आणि मनिलाचे महापौर इस्को मोरेनो म्हणाले की लेनीने माघार घ्यावी. दुसऱ्या क्रमांकावरच्या बाईने, मागच्याला जागा करून द्यायला!

प्रचाराचं ब्रीद होतं, सरकार प्रामाणिक असेल तर सगळ्यांचं जगणं वर येईल. तर्क पक्का. पण ज्याला सरकारकडून कधी धड काही मिळालंच नाही, त्याला प्रामाणिक सरकारचा फायदा तोंडी हिशोबाने पटत नाही. नागाच्या माणसाला पटतो, त्याने तो टेबलावर पाहिलेला असतो. बिकोल आणि पश्चिम विसायाने तिला भरभरून दिलं, बाकीच्यांना ती काय बोलते ते दिसलंच नव्हतं. माझ्या मते ती इथे हरली.

---

दवाओकर

+१ शेवटच्या परिच्छेदाला. आमच्या घरमालकीणबाईंनी दवाओ डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून दुतेर्तेंच्या मुलीला मत दिलं.

---

चौकसबुद्धी

आता महापौर म्हणून काय करतेय? आणि २०२८ ला परत उभी राहणार का?

---

रानजाई

हरल्यावर आठवड्याच्या आतच तिने जाहीर केलं की 'आंगत बुहाय' आता बिगरसरकारी संस्था होईल, आणि १ जुलै २०२२ ला झालीही. प्रचारातले स्वयंसेवक त्यात वळवले. काही महिने हार्वर्ड विद्यापीठात राहून आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वादळाने नागा पाण्याखाली गेलं तेव्हा मदतकार्यात हीच संस्था पुढे होती.

३० जून २०२५ ला पदभार घेतला, शहराची पहिली महिला महापौर. सुरुवातीच्याच आदेशांत भ्रष्टाचार अजिबात चालणार नाही आणि कारभार उघडा राहील हे लेखी काढलं. पूर हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, बिकोल नदी काही एका महापौराचं ऐकत नाही. मुदत तीन वर्षांची, म्हणजे संपते ती नेमकी २०२८ च्या राष्ट्रीय निवडणुकीच्या वेळी. नाव घेतलं जातंच. ती म्हणते, मी नागात आहे.

---

शंकेखोर

झालं तर मग. दोन लाख वस्तीच्या शहरात ते चालतं हे तुम्ही पटवून दिलंत. अकरा कोटींच्या देशात चालत नाही हे आकडेमोड्यांनी. आणि ती स्वतः परत शहरात गेली, म्हणजे तिचंही मत माझ्याच बाजूचं दिसतंय.

---

रानजाई

मग २०२५ च्या सिनेट निकालाचं काय कराल? २०२२ मध्ये तिच्या प्रचाराची धुरा सांभाळणारा बाम आकिनो देशात दुसऱ्या क्रमांकाने निवडून आला, दोन कोटींहून जास्त मतं. तिच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले पांगिलिनानही आले. २०१९ ला याच गटाचे उमेदवार आठच्या आठ आपटले होते. सर्वेक्षणवाले तोंडात बोट घालून बसले.

---

आकडेमोडे

थांबा, दोघांनाही. सिनेटला एका मतदाराला १२ नावं निवडता येतात. बाम आकिनोच्या दोन कोटी मतदारांतल्या कित्येकांनी त्याच मतपत्रिकेवर दुतेर्तेंचा माणूसही निवडलेला असणार, नाहीतर बोंग गो पहिला आला नसता. ही मतं लेनीच्या दीड कोटीच्या शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करू नका. प्रांतनिहाय आकडे काढून ठेवलेत, रविवारी वेगळा धागा टाकतो.